गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे

डेक्कन जिमखान्यावरून कोथरूडकडे जाणाऱ्या रस्त्याने आपले कितीतरी विद्यार्थी रोज येजा करतात. रस्त्याचे नाव कर्वे रस्ता. पुढे कर्वे पुतळा नावाचा बसथांबा लागतो आणि तिथून डावीकडे वळले की कर्वेनगर. हे कर्वे कोण, असे वर्गात विचारले तर हुशार मुले महर्षी म्हणून सांगतात, स्त्रीशिक्षण म्हणतात, भारतरत्न म्हणतात. तेवीस वर्षे हा माणूस याच पुण्यात फळ्यापुढे उभा राहून खडूने बीजगणित आणि भूमिती शिकवीत होता, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. त्यांच्या घरी बायको होती, चार मुलगे होते, महिन्याच्या शेवटी वाण्याचे बिल होते, आणि ते कधी कधी थकत असे, हे तर कोणी सांगतच नाही. पालकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी लिहायचे म्हणून मी मुद्दाम या कर्व्यांची आठवण काढतो आहे. महर्षींबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. शिक्षकाबद्दल आणि संसारी माणसाबद्दल थोडे लिहावे.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातील शेरवली या आजोळच्या गावी. घर मात्र दापोली तालुक्यातील मुरूडचे. ज्यांनी हा किनारा पाहिला आहे त्यांना मुरूड डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. समोर समुद्र, मागे डोंगर, मधल्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्या वाड्यांतून सरळ गेलेला गावचा रस्ता. घराण्याला पूर्वी कधी बरे दिवस होते, पण धोंडूच्या वाट्याला ते आले नाहीत. वडील केशवपंत दुसऱ्याच्या जमीनजुमल्याचा कारभार पाहत आणि त्या तुटपुंज्या मिळकतीत घर चाले. गरिबी होती, पण ताठा गेलेला नव्हता. बडोद्याच्या गायकवाडांकडून ब्राह्मणांना दहा दहा रुपये दक्षिणा मिळणार असे कळले तेव्हा दोघा मुलांना जावेसे वाटले. आईने साफ नकार दिला. दहा रुपये म्हणजे त्या घरात कित्येक महिन्यांची सोय होती. मुलाने ही गोष्ट जन्मभर लक्षात ठेवली. पुढे लोकांच्या दारोदार फिरून त्याने लाखांनी वर्गणी गोळा केली, पण ती कधी स्वतःसाठी नव्हती.

गावच्या शाळेत सोमण गुरुजी म्हणून शिक्षक होते. त्यांनी या लाजाळू मुलाला देवळात जमणाऱ्या मोठ्या माणसांना वर्तमानपत्र वाचून दाखवण्याच्या कामाला लावले. सार्वजनिक कामाचा पहिला धडा हा. पुढे मुंबईत चार पैसे मिळू लागल्यावर कर्व्यांनी गावच्या उपयोगासाठी मुरूड फंड काढला, त्याचे मूळ या गुरुजींत आहे. एका खेड्यातला एक मास्तर काय करू शकतो याचा विचार आपल्या शाळांतल्या शिक्षकांनी अधूनमधून करायला हरकत नाही.

१८७५ साली धोंडू सतरा वर्षांचा होता. मराठी सहावीची सरकारी परीक्षा दिली की कुठे तरी मास्तरकी मिळे. परीक्षेसाठी मुंबईला जायचे, तर पावसाळी समुद्रामुळे बोट मिळेना. म्हणून दुसरे केंद्र सातारा, तिथे चालत जायचे ठरले. शंभराहून अधिक मैलांची वाट, मध्ये कुंभार्ली घाट, पावसाळ्याचे दिवस आणि सोबतीला दोन-चार मुले. चार दिवस चालून ही मुले साताऱ्याला पोचली. परीक्षकांपुढे उभे राहिल्यावर त्यांनी या लहानखुऱ्या मुलाकडे पाहिले, आणि हा सतरा वर्षांचा आहे यावर त्यांचा विश्वास बसला नाही. परीक्षेलाच बसू दिले नाही. तसाच तो परत फिरला. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तो हीच परीक्षा पास झाला.

मला या प्रसंगात चालण्याचे कौतुक कमी वाटते. त्या काळी सगळेच चालत. परत आल्यावर मुलाने पुस्तक फेकून दिले नाही आणि घरच्यांनीही त्याला आता पुरे म्हटले नाही, हे मोठे. आपल्याकडे एखादा मुलगा एका विषयात गेला की त्याला दुकानावर बसवतात आणि मुलगी असेल तर बोलायलाच नको.

इंग्रजी शिक्षणाला इतका उशीर झाला की मॅट्रिक व्हायला १८८१ साल उजाडले. वय तेवीस. तोवर लग्न होऊन बरीच वर्षे झाली होती. पत्नी राधाबाई मुरूडला सासरी होत्या आणि पुढच्याच वर्षी जानेवारीत थोरला मुलगा रघुनाथ जन्मला. म्हणजे आपल्याकडची मुले शिक्षण संपवून नोकरीला लागतात त्या वयात हा माणूस बाप होऊन कॉलेजात जात होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते १८८४ साली बी. ए. झाले. गोपाळ कृष्ण गोखले त्यांचे तिथले सहाध्यायी. डिग्री झाल्यावर कर्व्यांनी सरकारी नोकरीच्या मागे न लागता शिकवण्या धरल्या. पहाटे उठून एका शाळेत, दिवसा दुसऱ्या, संध्याकाळी कोणाच्या घरी. मुलींच्या इंग्रजी शाळांतही ते गणित शिकवीत. मुलींना गणित येत नाही ही समजूत तेव्हा सर्वमान्य होती, आणि आजही काही घरांत आहे. रोज मुलींच्या वह्या तपासणाऱ्या माणसाला ती खरी वाटणे शक्य नव्हते.

मुंबईच्या त्या बिऱ्हाडात एक मुलगा शिकायला राहिला होता. दापोली तालुक्यातल्याच मुर्डी गावचा रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, नात्याने कर्व्यांचा धाकटा भाऊ. मुलगा विलक्षण बुद्धिमान आहे हे कर्व्यांनी ओळखले, त्याला मुंबईला आणले, घरात ठेवून घेतले आणि शिकवले. त्याचे पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत तो पहिला आला आणि सीनियर रँग्लर होणारा पहिला भारतीय ठरला. परत येऊन मोठ्या पगाराच्या जागा नाकारून त्याने फर्ग्युसन कॉलेजात दरमहा पंचाहत्तर रुपयांवर शिकवणे पत्करले आणि १९०२ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, त्या कॉलेजचा प्राचार्य झाला. कर्वे त्या वेळी त्याच कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. ज्या मुलाला आपण घरात ठेवून वाढवले त्याच्या हाताखाली त्यांनी पुढची बारा वर्षे काढली. दोघांत कधी कुरबुर झाल्याचे कुठे वाचनात नाही. शिक्षकाच्या मोठेपणाचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

पण मी थोडा पुढे गेलो. १८९१ साल कर्व्यांच्या आयुष्यात दोन कारणांनी आले. त्या वर्षी राधाबाई गेल्या. नऊ वर्षांचा मुलगा मागे राहिला. आणि त्याच वर्षी गोखल्यांचे बोलावणे आले. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यामुळे फर्ग्युसन कॉलेजात गणिताच्या शिक्षकाची अडचण होती आणि तो विषय गोखल्यांनाच सांभाळावा लागत होता. कर्व्यांना स्वतःच्या शिकवण्याबद्दल फारसा भरवसा नव्हता. बोलणे बेताचे, इंग्रजी अडखळत. ज्या वर्गात टिळकांनी शिकवले तिथे आपण कसे उभे राहायचे, ही भीती साहजिक होती. तरी ते आले, पुढच्या वर्षी सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि १९१४ पर्यंत तिथे राहिले. ते वर्गात फार रंगत आणणारे शिक्षक नव्हते. वेळेवर येत, सावकाश शिकवीत आणि कच्च्या मुलाला मागे टाकून पुढे जात नसत. गणिताला असा शिक्षक मिळाला तर मुलांचे कल्याण होते, वक्ता मिळाला नाही तरी चालते. पस्तीस वर्षे हाच विषय शिकवल्यावर इतके म्हणण्याचा मला अधिकार असावा.

आता घराची गोष्ट. पत्नीच्या मृत्यूनंतर दुसरे लग्न करायचे तर एखाद्या विधवेशीच, असे कर्व्यांनी ठरवले. त्या काळी ब्राह्मण समाजात लहानपणी विधवा झालेल्या मुलीचे केस काढीत, तिला घरात राबवीत आणि पुन्हा लग्नाचे नाव काढू देत नसत. आपल्याकडे शरीयतने विधवेला पुन्हा निकाह करण्याचा हक्क पहिल्यापासून दिला असल्यामुळे या रूढीची धार आपल्या लक्षात पटकन येत नाही. म्हणून थोडे सांगावे लागते. कर्व्यांचे मित्र नरहरपंत जोशी देवरुखचे. त्यांची बहीण गोदूबाई आठ-नऊ वर्षांची असतानाच विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले तेव्हा तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाई. पुढे सदन पुण्यात आले. वडिलांच्या संमतीने ११ मार्च १८९३ रोजी, शारदा सदनाच्या वाढदिवशीच, धोंडो केशव आणि गोदूबाई यांचा विवाह पुण्यात झाला. लग्नानंतर नाव आनंदीबाई झाले. सगळे त्यांना बाया म्हणत.

लग्न करून दोघे मुरूडला गेले तेव्हा गावाने बहिष्कार घातला. ज्या गावासाठी फंड काढला त्याच गावाने. घरी म्हातारी आई होती, भाऊ होता, बहीण होती. मुलगा दारात आला आहे आणि त्याला घरात घेऊन जेवू घालता येत नाही, असा प्रसंग त्या आईवर आला. जिने मुलांना दहा रुपयांसाठी हात पसरू दिला नव्हता तीच ही आई. कर्व्यांनी भांडण केले नाही. गावाला शिव्या दिल्या नाहीत. पुण्याला परत येऊन कॉलेजच्या तासांना गेले.

एका लग्नाने काही होत नाही, हे गणिताच्या माणसाला लवकर कळले. मुलींना आधी आधार आणि शिक्षण द्यावे, त्यातून त्यांचे त्यांना ठरवू द्यावे, असे त्यांना वाटू लागले. १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. पहिली देणगी कर्व्यांची स्वतःची. शिल्लक टाकलेले हजार रुपये त्यांनी दिले. त्यानंतर पाच हजारांची आयुर्विम्याची पॉलिसी आश्रमाच्या नावे करून टाकली.

ही पॉलिसीची गोष्ट चरित्रांत एका ओळीत येते आणि वाचणारा पुढे जातो. मला तिथे थांबावेसे वाटते. १८९६ साली पाच हजार रुपये म्हणजे प्राध्यापकाच्या काही वर्षांच्या पगाराची रक्कम. घरी थोरला मुलगा चौदा वर्षांचा, दुसऱ्या लग्नाचा पहिला मुलगा तान्हा. उद्या कर्व्यांना काही झाले तर बायांना विधवा म्हणून पुन्हा उघड्यावर यावे लागले असते. बाया रागावल्या आणि त्यांचे रागावणे बरोबर होते असे मला वाटते. त्यांनी नवऱ्याला अडवले नाही, पण गप्पही बसल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या आठवणी पुढे सांगितल्या, त्यांच्या सूनबाई कावेरी कर्वे यांनी त्या उतरवून घेतल्या, आणि १९४४ साली माझे पुराण या नावाने पुस्तक झाले. त्यात थोर माणसाच्या बायकोला काय सोसावे लागते ते सरळ, क्वचित हसत सांगितले आहे. आपल्या ग्रंथालयात हे पुस्तक मुलींनी जरूर मागावे.

बायांनी आणखी एक केले. संसाराला हातभार हवा म्हणून त्या नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेऊन आल्या. स्वतःच्या मुलांबरोबर शिकायला आलेल्या परक्या मुलांना त्यांनी घरात वाढवले. आणि तरीही आश्रमात त्यांना जागा नव्हती. कारण असे की पुनर्विवाह केलेली बाई आश्रमात वावरू लागली तर लोक आपल्या विधवा मुली तिथे पाठवणार नाहीत, अशी कर्व्यांना भीती. हिशेब चुकीचा नव्हता. पण जिच्यामुळे हे काम सुचले तिलाच दाराबाहेर ठेवावे लागले. बायांच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा होत्या. त्यांनी पुन्हा लग्न केले नव्हते म्हणून त्या आश्रमात जाऊ शकल्या आणि तिथला मोठा आधार झाल्या. वर्गणीसाठी त्यांनी गावे पालथी घातली आणि पुढे अमेरिकेलाही जाऊन आल्या. दोन बहिणींपैकी एक आत आणि एक बाहेर.

आश्रम आधी पुणे शहरात होता. मग प्लेग आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी शहराबाहेर हिंगण्याला सहा एकर जागा आणि झोपडी बांधायला पैसे दिले. १९०० साली आश्रम तिकडे गेला. आज कर्वेनगरात जागेचा भाव विचारायची सोय नाही. तेव्हा तिथे माळ होता आणि पावसाळ्यात चिखल. कर्वे दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवीत, संध्याकाळी आश्रमाला लागणारे सामान घेऊन चालत हिंगण्याला जात, रात्री मुलींना शिकवीत, तिथेच राहत आणि सकाळी पुन्हा चालत कॉलेजला येत. बाया आणि मुले पुण्यातल्या घरी. वडील भेटायचे ते अधूनमधून. या दिवसांत एखाद्या मुलाला ताप आला असेल, एखाद्याचा अभ्यास राहिला असेल, ते सगळे बायांनी पाहिले.

कर्व्यांचे हिशेब पाहण्यासारखे असत, असे त्यांना जवळून पाहिलेले लोक सांगत. कोणी आणा दिला तरी पावती. वर्षाच्या शेवटी सगळा जमाखर्च छापून लोकांपुढे. टिळक आणि गोखले यांचे एकमेकांशी पटत नव्हते, पुणे दोन तटांत वाटले गेले होते, तरी दोन्हीकडचे लोक कर्व्यांच्या पेटीत पैसे टाकत. आपल्या संस्था काढताना आपण भाषणे पुष्कळ करतो. वर्गणी देणाऱ्याला पुढच्या वर्षी छापील हिशेब मिळाला तर तो न मागता पुन्हा देतो, एवढे गणित पुष्कळ संस्थांना आजही सुटलेले नाही. (माझ्या माहितीतली एक संस्था याच कारणाने बंद पडली, नाव सांगत नाही.)

१९०७ साली महिला विद्यालय सुरू झाले. जवळजवळ याच सुमारास, १९०६ मध्ये, अलीगढला शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी मुलींची शाळा काढली. तिथेही नवरा-बायको, तिथेही समाजाचा विरोध, तिथेही मूठभर मुली. तिथल्या मुली त्यांना पापा मियाँ आणि आला बी म्हणत. कलकत्त्यात रुकय्या सखावत हुसैन यांनी १९११ साली शाळा उघडली. ही माणसे एकमेकांना ओळखत होती असे नाही. पण आपल्या घरातली मुलगी शिकावी म्हणून कोणी तरी घर पणाला लावले होते, हे तिन्हीकडे सारखे आहे, आणि अलीगढमध्ये मात्र बायको कामाच्या मध्यभागी होती.

जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी भारतात असे विद्यापीठ काढण्याची कल्पना मांडली आणि १९१६ साली ते सुरूही झाले. शिक्षण मातृभाषेतून. वय तेव्हा अठ्ठावन्न, म्हणजे आपण पेन्शनची कागदपत्रे गोळा करतो ते वय. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ पंधरा लाखांची देणगी दिली आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव विद्यापीठाला लाभले. मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम, त्यात गृहजीवनाचे विषय, यावर त्या वेळी सुधारकांनीच टीका केली. मुलींना मुलांसारखेच सगळे का नको, असा त्यांचा प्रश्न होता. गणिताचा मास्तर म्हणून माझाही कल त्या टीकाकारांकडे आहे. कर्व्यांचे म्हणणे असे की आधी मुलगी घराबाहेर शाळेत तर येऊ द्या. १९१६ साल डोळ्यांपुढे आणले की तेही पटते.

दोष आणखी एक होता, तो झाकून उपयोग नाही. आश्रमाची पहिली बरीच वर्षे तिथल्या मुली प्रामुख्याने ब्राह्मण घरांतल्या होत्या. दुसऱ्यांना घेतले तर आहे ते काम मोडेल, असे कर्व्यांना वाटे. ज्यांना त्या दारातून आत जाता आले नाही त्यांना हे कारण कसे वाटले असेल? उतारवयात कर्व्यांनी १९४४ साली समता संघ काढला, माणसामाणसांतला भेद जावा म्हणून. तेव्हा ते शहाऐंशी वर्षांचे होते. त्याआधी १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ सुरू केले आणि स्वतः लोकांच्या दारी हिंडून पैसे मागितले. दहा रुपयांची दक्षिणा नाकारलेल्या घरातला मुलगा पुन्हा एकदा आणे गोळा करीत फिरत होता.

चारही मुलांविषयी थोडे लिहितो, कारण पालकांना तेच जाणून घ्यायचे असते. थोरले रघुनाथ वडिलांप्रमाणे गणिताचे प्राध्यापक झाले. संततिनियमनाचा उघड प्रचार केल्यामुळे त्यांना १९२५ साली प्राध्यापकी सोडावी लागली आणि पुढे १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी समाजस्वास्थ्य हे मासिक चालवले. त्यांचे सगळेच विचार आपल्याला पटतील असे नाही. पण पोटाची पर्वा न करता पटले ते बोलत राहण्याचा हट्ट घरातूनच आला होता. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले. विद्यापीठासाठी वर्गणी मागत म्हातारे कर्वे तिकडेही फिरून आले. दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. भास्कर हिंगण्याच्या कामात राहिले. दिनकररावांच्या पत्नी इरावती कर्वे या समाजशास्त्र आणि मानवशास्त्रातल्या मोठ्या विदुषी. १९२८ साली त्या पीएच. डी. साठी जर्मनीला निघाल्या तेव्हा सासऱ्यांना ते पसंत नव्हते. साऱ्या देशाच्या मुलींसाठी विद्यापीठ काढणाऱ्या माणसाला आपल्या सुनेच्या इतक्या लांबच्या शिक्षणाची गरज वाटली नाही! दिनकरराव मात्र बायकोच्या पाठीशी उभे राहिले. त्या गेल्या, बर्लिनहून पदवी घेऊन आल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी जन्मभर काम केले. मुलगा वडिलांच्या पुढे एक पाऊल गेला आणि वडिलांनी त्यावरून घर मोडले नाही.

बाया १९५० साली गेल्या. सत्तावन्न वर्षांचा संसार. त्यानंतर मानसन्मान येत राहिले. १९५५ साली पद्मविभूषण, १९५८ साली भारतरत्न. त्याच वर्षी शंभरी भरली तेव्हा सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. हयात भारतीयाचे चित्र भारताच्या तिकिटावर येण्याची ती पहिलीच वेळ. साताऱ्याच्या परीक्षकांना ज्याच्या वयाबद्दल शंका आली होती त्याचे वय आता सगळ्या देशाच्या पाकिटांवर चिकटवले जात होते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे पाचाव्या वर्षात, पुण्यात त्यांचे निधन झाले.

हिंगण्याला गेलात तर आज चहूकडे उंच इमारती दिसतील आणि त्यांच्या मधोमध मुलींच्या शाळा-महाविद्यालयांचा मोठा परिसर. सकाळी सायकली आणि स्कूटर लावून शेकडो मुली आत जातात. त्यांत बुरख्यातल्या आणि ओढणीतल्या मुलीही असतात. पहिली झोपडी उभारली होती ती त्याच आवारात जपून ठेवली आहे. फर्ग्युसनपासून तिथवर एकदा पायी जाऊन पाहावे. मी नववीच्या मुलांना घेऊन गेलो होतो. अर्ध्या वाटेतच दोघांनी रिक्षा करू या म्हणून धरले.